पांढरं हायड्रेंजिया: आधी पान बघा
कोथरूडच्या एका गच्चीत पांढरं हायड्रेंजिया, म्हणजे गुच्छांनी फुलणारं झुडूप, आहे; ते नेमकं कोणत्या जातीचं, असा प्रश्न आलाय. हे फुलाच्या रंगावरून ठरणार नाही. पान जाड, तुकतुकीत, कडेला ठसठशीत दाते आणि फुलांचा गोल गेंद असेल तर मॅक्रोफायला ही जात. पुण्यात कुंडीत बहुधा हेच मिळतं. गुच्छ शंकूसारखा निमुळता, काही पेरांवर तीन-तीन पानं, तर पॅनिक्युलाटा. पातळ, हृदयाकृती पान म्हणजे आर्बोरेसन्स. ओळख पटेपर्यंत कात्री मात्र लावू नका! मॅक्रोफायलाच्या कळ्या जुन्या फांद्यांच्या शेंड्यात आधीच धरलेल्या असतात. हिवाळ्यात छाटलंत तर पुढचा बहर गेलाच. बाकीची दोन्ही नव्या फुटीवर फुलतात. आणि कुंडीतल्या मातीत तुरटी घालून पांढरं फूल निळं होत नाही, जास्त झाली तर मुळं मात्र जळतात. एप्रिलमध्ये फक्त सकाळचं ऊन द्या.