सर्वेक्षणाला पैसे नकोत म्हणे! मग 'निरंक' लिहायला किती लागतात?

बांधावरची
परवा तिरकस तात्यांनी लिहिलं, "वेठबिगारीवर संशोधन करायला सरकारने एक दमडी देऊ नये. प्राध्यापकांची पोटं भरतात, मजूर आहे तिथेच राहतो. तोच पैसा थेट मजुराच्या हातात द्या." खाली अंगठ्यांची रांग. तिथेच उत्तर द्यायला बसले, पण लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

तात्या, कुठल्या मजुराच्या हातात? २०१६ च्या केंद्राच्या योजनेत पुरुषाला १ लाख, बायका-मुलांना २ लाख, अगदी अमानुष प्रकार असेल तर ३ लाख, असं पुनर्वसनाचं लिहून ठेवलेलं आहे. म्हणजे देण्याची तरतूद आहेच. घ्यायला माणूस सापडत नाही. मुक्तता प्रमाणपत्राशिवाय काही हलत नाही, प्रमाणपत्राला चौकशी लागते आणि चौकशीला आधी कुणीतरी "इथे वेठबिगार आहे" असं म्हणावं लागतं. तिथेच सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. त्याच योजनेत संवेदनशील जिल्ह्याच्या सर्वेक्षणाला तीन वर्षांतून एकदा साडेचार लाख, आणि मूल्यमापनाच्या एका अभ्यासाला १ लाख. एक लाख! आमच्याकडे एवढ्यात साखरपुडा उरकत नाही. कुठल्या प्राध्यापकाचं पोट भरतं यात?

कॉलेजात असताना मी अशाच एका पाहणीत प्रगणक होते. पालघरकडच्या वीटभट्ट्या. चार दिवसांत अकरा भट्ट्या उरकायच्या, आणि आत जायला मालकाची परवानगी. एका भट्टीवर मालकाने स्वतः प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या, कटिंग मागवला आणि माझ्या पाठीमागेच बसला. समोर एक कातकरी दादा, कोपरापर्यंत चिखल. माझा प्रश्न : "तुम्ही स्वखुशीने काम करता का?" त्याने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि म्हणाला, "हो." मी 'हो'वर टिक केली.

संध्याकाळी हातपंपाशी त्याची बायको आली. "ताय, आमचा किती फिटला ता या कागदात हाय काय? शेट सांगत नाय."

बावीस प्रश्न होते त्या फॉर्मात. शेटचं कर्ज किती फिटलं, हा नव्हता.

तिरकस तात्या
वा! म्हणजे माझ्याच मुद्द्याला तुम्ही स्वखर्चाने पुरावा आणलात. मालक मागे बसलेला, तुम्ही 'हो' लिहून घरी. असल्या कागदाला अजून पैसे द्या म्हणता?

आता मोठे आकडे घ्या. ऑस्ट्रेलियातल्या एका संस्थेचा जागतिक गुलामी निर्देशांक : भारतात २०१६ साली १ कोटी ८३ लाख, २०१८ साली ८० लाख, २०२३ साली १ कोटी १० लाख. दोन वर्षांत कोटभर माणसं सुटली, मग परत तीस लाख अडकली? आणि आपल्या श्रम मंत्रालयाने २०१६ मध्येच जाहीर केलं की २०३० पर्यंत १ कोटी ८४ लाख वेठबिगार मुक्त करू. १९७८ पासून सोडवलेत किती? तीन लाख पंधरा हजारांच्या आसपास. हे संशोधन आहे की पंचांग?

विवेक पंडितांनी वसईत वेठबिगार सोडवले, श्रमजीवी संघटना उभी राहिली. तेव्हा हातात कुठल्या विद्यापीठाचा अहवाल होता? पायात चपला होत्या, बस.

बांधावरची
निर्देशांक हलला कारण मोजायची पद्धत बदलली. आणि तो पर्थमध्ये बसून कुणीतरी करतंय, कारण आपण करत नाही. आपण मोजलं नाही की दुसऱ्याचा आकडा आपल्या कपाळी चिकटतो.

आपण एकदा मोजलं होतं. १९७८-७९ मध्ये गांधी शांती प्रतिष्ठान आणि राष्ट्रीय श्रम संस्था यांनी दहा राज्यांत पाहणी केली, अंदाज आला २६ लाख १७ हजार. त्याच सुमारास राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ३२ व्या फेरीत सोळा राज्यांत निघाले ३ लाख ४३ हजार. राज्यं जास्त, माणसं साडेसात पट कमी! कोण विचारतंय, कुठे विचारतंय, मागे कोण बसलंय, यावर आकडा फिरतो. म्हणून तर नीट संशोधन हवं म्हणतेय. चपला घासायला माझी ना नाही.

निवृत्त अव्वल कारकून
मी तहसीलमध्ये होतो, तालुका सांगत नाही. १९७६ च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याला आणि उपविभागाला दक्षता समिती असते. तिचा अहवाल वर जायचा. नमुना छापील. वेठबिगार आढळले : निरंक, म्हणजे एकही नाही. मुक्त केले : निरंक. पुनर्वसन : निरंक. माझ्या आधीच्या कारकुनाने निरंक लिहिलं, मी लिहिलं, माझ्यानंतरच्याने तर शिक्काच करून घेतला. खोटं सांगत नाही, 'निरंक' असा रबरी शिक्का.

एका वर्षी नवीन साहेब आले, तरुण. म्हणाले, एकदा फिरून बघू. जीप काढली. पहिल्याच पाड्यावर एक माणूस भेटला, लग्नासाठी घेतलेल्या पैशापायी बाप राबला, आता तो राबतोय. आमच्याकडे त्याला लग्नगडी म्हणायचे. साहेबांनी वहीत लिहून घेतलं. पंधरवड्यात त्यांना निवडणुकीचं काम लागलं आणि पुढे बदली. तिमाहीला मी काय लिहिलं असेल ते ओळखा.

तेव्हा तात्या, साडेचार लाख जास्त की कमी ते राहू द्या. फुकटातलं निरंक सगळ्यात महाग पडलंय.

पाटोद्याचा
भट्टी, पाडा, पर्थ, सगळं झालं. बीडचं नाव कुणी घेतलं का? की ऊसतोड म्हणजे फक्त 'स्थलांतर'?

माझ्या आईबापाचा कोयता सतरा वर्षं चालला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नवराबायको मिळून एक कोयता. दिवाळीची पणती विझायच्या आत गाडी भरायची. कऱ्हाडकडे, एका वर्षी पार गोकाकला. कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, मी धाकटीला सांभाळायचो, म्हणून माझं दरवर्षी दुसरं सत्र शाळेत कोरं. रात्री तीनला ट्रक आला की आई मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढायची. ताप आला, बसली, की खाडा. खाड्याचा दंड उचलीत, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या पैशात, मिळवायचा. पट्टा पडला, हंगाम संपला, तरी उचल फिटायची नाही, मग पुढच्या सालाला टोळी नेणाऱ्या त्याच मुकादमाकडे. याला तुमच्या फॉर्मात 'स्वखुशी' म्हणतात का ताई?

आणि संशोधक! आमच्या कोपीत येऊन पोरापोरींनी चहा प्यायला, फोटो काढले, कितीजण पीएचडी झाले असतील देव जाणे. आईची गर्भाची पिशवी तिशीच्या आत काढली. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हेंची समिती आली, बीडमधल्या ८२,३०९ बायकांची पाहणी, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. मोजलं ना? आईची कंबर थांबली का दुखायची?

मुकादमाचा भाचा
एकच बाजू ऐकायची असेल तर चालू द्या. नाहीतर माझंही ऐका.

मामा ट्रॅक्टर मालक, मुकादमीही त्याचीच. कारखान्याशी करार केला, कारखान्याने ॲडव्हान्स दिला तो अर्धा, उरलेला पतसंस्था आणि मामीचे दागिने. चौदा कोयत्यांना वाटला. दसऱ्याला टोळीतले नऊ कोयते दुसऱ्या मुकादमाची उचल घेऊन गायब. फोन बंद. कारखाना मामाच्या मागे, पतसंस्था मामाच्या मागे. ट्रॅक्टर ओढून नेला. पोलीस म्हणाले, दिवाणी प्रकरण आहे. वेठबिगार नक्की कोण यात?

पाटोद्याचा
मामाचं दुःख मोठं आहे. टोळी पळाली की मुकादम काय करतो तेही सांगा की. कुणाची बायको, कुणाचं पोरगं गाडीत घालून आणतात, डांबून ठेवतात, "पैसे आण, घेऊन जा". तुमच्या मामाने केलं असं मी म्हणत नाही. पण धंद्यात हे होत नाही असं छातीवर हात ठेवून म्हणा.

मुकादमाचा भाचा
काही हलकट लोक करतात म्हणून सगळे मुकादम डाकू? उचल घेताना गोड लागते, घर बांधता, पोरीचं लग्न करता, तोडायची वेळ आली की वेठबिगार! २०२४ मध्ये तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ झाला, मुकादमाचं कमिशन मात्र एक टक्क्याने वाढलं. हार्वेस्टरला, ऊस तोडायच्या यंत्राला, सरकारने ३५ लाखांपर्यंत अनुदान जाहीर केलं. घ्या मग मशीन, बसा गावात.

पाटोद्याचा
गोड लागते?? पोरीच्या लग्नाला दुसरीकडून कोण देतं आम्हाला, बँक? तोंड सांभाळून लिही.

काळा कोट
दोघेही जरा पाणी प्या.

भाचेसाहेब, उचल घेणं हा गुन्हा नाही. पण उचलीच्या मोबदल्यात माणूस दुसरीकडे काम करू शकत नसेल, हवं तेव्हा जाऊ शकत नसेल किंवा किमान वेतनाहून कमी मिळवत असेल, तर १९७६ च्या कायद्याच्या व्याख्येत ते बसतं. आणि कलम १५ वाचा. कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी देणाऱ्यावर असते. तुमचे मामा दिवाणीत गेले तर का हरू शकतात ते कळेल.

आता धाग्याचा विषय. १९८२ चा एशियाड कामगारांचा निकाल आठवा. किमान वेतनापेक्षा कमी मजुरी म्हणजे घटनेच्या अनुच्छेद २३ खाली सक्तीची मजुरी, हे सर्वोच्च न्यायालयाने तिथे म्हटलं. ती याचिका उभी होती तीन समाजशास्त्रज्ञांनी बांधकामांवर जाऊन केलेल्या अहवालावर. तात्या, हे संशोधनच बरं का.

तिरकस तात्या
बरं का, वकीलसाहेब. त्या तिघांना सरकारने पैसे दिले होते का? नव्हते. नागरी हक्कवाल्यांनी नेमलं होतं. सरकार प्रतिवादी होतं! सरकारच्या पैशाने सरकारविरुद्ध अहवाल निघेल, ही तुमची श्रद्धा, मला नमस्कार करू द्या.

काळा कोट
हा मुद्दा मान्य. नाइलाजाने.

सह्याद्रीपार
इथून (न्यू जर्सी) एक भर घालतो. अमेरिकेच्या श्रम खात्यातला आंतरराष्ट्रीय विभाग जगभर सक्तीची मजुरी आणि बालमजुरी रोखायच्या कामाला, अभ्यासाला पैसे द्यायचा. मार्च २०२५ मध्ये ६९ कार्यक्रम एका फटक्यात रद्द, ५० कोटी डॉलरहून जास्त. कारण काय, तर अमेरिकन करदात्याचा पैसा परदेशात कशाला. तात्यांचं वाक्य मला तिकडच्यासारखंच वाटलं.

तिरकस तात्या
मला थेट वॉशिंग्टनला नेऊन बसवलंत, धन्यवाद. भाडं कोण देणार?

मुकादमाचा भाचा
अमेरिकेत ऊस कोण तोडतं ते बघा आधी. आमच्यावर कसले अभ्यास.

बांधावरची
पाटोद्याचे, तुमचं बोलणं लागलं मला, आणि लागायलाच हवं होतं. फक्त एक. १३,८६१ हा आकडा यायच्या आधी बीडमधल्या बाईने "पिशवी काढली" म्हटलं की लोक म्हणायचे, तिचीच हौस. आकडा आल्यावर निदान तसं म्हणायची सोय राहिली नाही. तुमच्या आईला त्याचा उपयोग झाला नाही, हे खरं.

तात्या, सरकार स्वतःविरुद्ध मोजणार नाही हा तुमचा मुद्दाही बिनतोड आहे. मग पैसा द्या, पण मोजणी तहसीलकडे नको. आणि गावात जाऊन मोजू नका, दिवाळी ते एप्रिल तिथे म्हातारे आणि कुलपं असतात. उसाच्या फडावर जा, भट्टीवर जा. मालकाशिवाय.

निवृत्त अव्वल कारकून
मालकाशिवाय फडावर कोण सोडतंय ताई. संध्याकाळी हातपंपावर जा. तुम्हाला खरं उत्तर तिथेच मिळालं होतं.

पाटोद्याचा
फॉर्ममध्ये एक प्रश्न माझा घाला. "उचलीचा हिशोब कधी कागदावर बघितलाय का?" आमच्या बापाने सतरा वर्षांत एकदाही नाही. मुकादमाची वही लाल कापडात असायची, आम्ही पोरं तिला हात लावायला घाबरायचो, देवाची पोथी असल्यासारखी.

बाकी तुमचा अभ्यास चालू द्या. चहा मात्र आता विकत प्या.

तिरकस तात्या
ठीक आहे. एक दमडी म्हणालो होतो, तो शब्द मागे. साडेचार लाख द्या. पण अट : ज्या जिल्ह्यातून पुन्हा निरंक येईल त्याच्याकडून व्याजासकट वसूल करा. उचलीच्या दराने.

मुकादमाचा भाचा
माझ्या मामालाही त्या फॉर्मात घ्या. रकाना वेगळा करा पाहिजे तर. कारखान्याचं किती फिटलं ते त्यालाही कुणी सांगत नाही.

तिरकस तात्या
घ्या! आता मुकादमही वेठबिगार. वाढवा, पाच लाख करा.