आयपीएची चव : कडू, कडवट, कडसर की आणखी काही?

कडूकिराईत : पुण्यातल्या एका ब्रूअरीसाठी चवीची कार्डं मराठीत करतेय. आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल ही बिअर, तिच्यापाशी अडलंय. मूळ मजकूर असा : ठसठशीत बिटरनेस, राळेसारखा वास, मध्यम बॉडी, ड्राय फिनिश. 'कडू' लिहिलं तर मालक म्हणतात, औषध वाटतं. 'कडवट' लिहिलं तर म्हणे कुणाचं तरी बिनसलंय असं वाटतं. सुचवा.

आगरातला : कडसर. कडव्या वालांचं बिरडं कडसर लागतं. कडवट म्हणजे नको असताना आलेला कडूपणा.

नादखुळा : कडसर म्हणजे जेमतेम कडू हो. आयपीएचं आयबीयू, म्हणजे कडूपणाचं माप, साधारण ४० ते ७०, साध्या लागर बिअरचं २० च्याही खाली. सरळ कडू म्हणा. पाडव्याला कडुनिंब खातोच की आपण.

शास्त्रीबुवा : मुळात 'कडू' हाच घोटाळा. सहा रसांत कटु म्हणजे मिरीचा आणि तिक्त म्हणजे कडुनिंबाचा. मराठीनं अदलाबदल केली. कटुचा कडू झाला, तिक्तचा तिखट. कार्डावर 'तिक्त' लिहावं. आणि पेयाला 'फिकट यवसुरा'.

नादखुळा : यवसुरा वाचून गिऱ्हाईक काढा समजून परत जाईल. आणि तिखट आलंय तीक्ष्णवरून, प्राकृतात तिक्ख.

शास्त्रीबुवा : तिक्तवरूनच, असं आमचे गुरुजी सांगत.

नादखुळा : 'ख' कुठून आणला तेही सांगितलं असेल त्यांनी.

माल्टमामा : शब्दाआधी घोट घ्या की. ग्लास अर्धाच भरा, बर्फगार नको, आठ-दहा अंशांवर येऊ द्या. फेस बसायच्या आत वास घ्या. हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं, सिट्रा जातीचे असतील तर संत्र्याची साल, आंबा. सिमको असेल तर चिडाची राळ. मग घोट तोंडात फिरवा. कडूपणा उशिरा चढतो आणि गिळल्यावरही वाढत राहतो. तो उकळताना घातलेल्या हॉप्समधल्या अल्फा आम्लांचा. हिरड्या आवळल्या, गाल आत ओढले गेले, तर तो तुरटपणा, पॉलिफिनॉलचा. ड्राय हॉपिंग, म्हणजे न उकळता नंतर हॉप्स घालणं, लांबलं की येतो. अगदी ताज्या, गढूळ आयपीएनं घसा खवखवतो, ते तिसरंच. हे तिन्ही एका 'बिटर'मध्ये कोंबणारे पिणारे खूप भेटतात. आपल्याकडे कडू, तुरट, खवखव असे तीन शब्द तयार आहेत, ते वापरा ना!

कडूकिराईत : हे कामाचं. पण ड्राय फिनिश? 'कोरडा शेवट' वाचून मला दोन ऑक्टोबरच आठवतो.

आगरातला : 'मागे गोडी राहत नाही' लिहा. शब्दाला शब्द कशाला?

शास्त्रीबुवा : नावात इंडिया का, तेही येऊ द्या. सागरप्रवासात नासू नये म्हणून मुद्दाम हॉप्स वाढवून शोधलेली बिअर.

माल्टमामा : गोष्ट खपते छान, पण टिकावासाठी जास्त हॉप्स घालायची रीत त्याआधीची. पूर्व लंडनमधल्या बो इथला हॉजसनचा कारखाना ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांना सोयीचा पडे, आणि कप्तानांना तो लांब मुदतीची उधारी देई. म्हणून त्याचा माल इकडे आला. १८२० च्या दशकात इंग्लंडमधल्याच बर्टन गावच्या बिअरवाल्यांनी धंदा ओढला. तिथल्या पाण्यात जिप्सम, त्यानं कडूपणा उठून येतो. आणि काळी पोर्टर बिअरही त्याच समुद्रातून येत होती की, गोऱ्या शिपायांसाठी.

कडूकिराईत : वा. मग माल्टला 'मोड आणून वाळवलेला सातू' लिहू?

आगरातला : सातू म्हणजे भाजलेल्या गव्हा-डाळ्याचं पीठ. आजी गूळ-दुधात कालवून द्यायची. माल्टला जव म्हणा.

नादखुळा : सातू म्हणजेच जव. पीठ गव्हाचं झालं, नाव तेच राहिलं.

आगरातला : आमच्या आजीसमोर म्हणून दाखवा.

शास्त्रीबुवा : संस्कृत सक्तु म्हणजे भाजलेल्या धान्याचं पीठ. धान्य कुठलंही.

नादखुळा : मग वाण्याकडे अख्खा सातू मागितला तर काय देतो तो?

कडूकिराईत : अहो, 'बॉडी' राहिलीय अजून.

आगरातला : थांबा हो, आधी सातूचं मिटू द्या.