पार्किन्सनच्या गोळीने माणसाचा स्वभाव बदलू शकतो का? (बाबा रात्रभर घड्याळं उघडून बसतात)

पहाटवेळ:
नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

बाबा 67 वर्षांचे. पाच वर्षांपूर्वी पार्किन्सनचं निदान झालं. डावा हात थरथरतो, चाल आखडली आहे, बाकी बुद्धी लख्ख. नोकरीत आयुष्यभर नकाशे काढले, त्यामुळे हिशेब, टापटीप आणि दिलेला शब्द पाळणं अंगात मुरलेलं. घरात खर्चाची वही आहे, तिच्यात टाचण्यांच्या डबीचीसुद्धा नोंद सापडेल.

गेल्या आठ-नऊ महिन्यांत हा माणूस बदलला. रात्री दीड-दोनला उठतात, टेबलावर वर्तमानपत्र पसरतात आणि घड्याळं उघडतात. आधी बंद पडलेलं एक होतं, मग चालू घड्याळांची पाळी आली. एकदा मी तीन वाजता पाणी प्यायला उठले. कागदावर स्क्रू लहान-मोठ्याच्या क्रमाने ओळीत लावलेले, बाबांच्या चिमट्यात एक दातेरी चाक, आणि ते दिव्यासमोर धरून हळूहळू फिरवत होते. "काय करताय?" म्हटलं तर म्हणाले, "काही नाही, बघतोय." तासाभराने पुन्हा डोकावले तर तेच चाक, तोच चिमटा. आजवर एकही घड्याळ परत जोडलं गेलेलं नाही.

दुसरं म्हणजे फोनवरून खरेदी. टॉर्च, भिंगं, स्क्रू-ड्रायव्हरचे संच. पलंगाखाली 21 टॉर्च निघाले, निम्मी खोकी उघडलेलीसुद्धा नाहीत. आईने विचारल्यावर म्हणाले, "शेजाऱ्यांनी ठेवायला दिलेत." बाबा खोटं बोलले. टॉर्च मी विसरेन, हे वाक्य विसरता येत नाही.

आणि दिवसाची झोप. डुलकी म्हणावी अशी नाही. बोलता बोलता थांबतात, मान खाली जाते. दोन मिनिटांनी डोळे उघडून राहिलेलं वाक्य पुरं करतात. मागच्या आठवड्यात हातातला कप तसाच निसटला. गाडी अजून स्वतः चालवतात.

औषधं अशी: लेव्होडोपा-कार्बिडोपा दिवसातून तीनदा. प्रामिपेक्सोल 1 मिलिग्रॅम तीनदा, मागच्या वर्षभरात वाढवत इथवर आणलंय. सेलेजिलिन 5 मिलिग्रॅम सकाळी एक, रात्री जेवणानंतर एक. सर्दी असली की झोपताना सर्दीची एक गोळी, ती स्वतःच्या मनाने.

नातेवाईक म्हणतात रिकामपणाचे चाळे आहेत. आई म्हणते, "चाळीस वर्षं ज्यांच्याबरोबर राहिले ते हे नव्हेत." मला खरंच कळत नाही कोणाचं बरोबर.

एकमार्गी:
वय झालं की असं होतंच, ताई. इतक्या गोळ्या पोटात गेल्यावर डोकं ठिकाणावर कसं राहील? आठवडाभर सगळ्या बंद करून बघा, आपोआप उलगडा होईल.

मात्रा:
एकमार्गी, हा सल्ला कृपा करून मागे घ्या. पार्किन्सनची औषधं अचानक तोडली तर तीव्र ताप, लाकडासारखं ताठलेलं अंग, शुद्ध हरपणं, इथपर्यंत जाऊ शकतं. जीव जाऊ शकतो. मी 19 वर्षं रुग्णालयाच्या औषध विभागात काम करते आहे, म्हणून इतकं कडक लिहिते.

पहाटवेळ, तुमची यादी वाचून दोन ठिकाणी थबकले.

पहिलं प्रामिपेक्सोल. लेव्होडोपा हा कच्चा माल आहे, मेंदू त्याचं डोपामिन, म्हणजे पेशींमधला निरोप्या, बनवतो. प्रामिपेक्सोल तसं नाही, ते थेट डोपामिनच्या खुर्चीत जाऊन बसतं. डोपामिनचा निरोप घेणाऱ्या पेशींवरच्या जागांना ग्राहक म्हणतात, त्यातल्या डी3 नावाच्या ग्राहकांवर त्याचा विशेष जोर, आणि ते हालचालीपेक्षा हवंसं वाटणं, बक्षीस, ओढ या कामाच्या भागांत जास्त असतात. एरवी आपण पैसे वाया घालवले की डोपामिन क्षणभर खाली येतं, तोच तो चटका, आणि त्यातूनच आपण शिकतो. गोळी ग्राहकाला सतत चालू ठेवते, त्यामुळे चटका नीट पोचत नाही. 2010 साली तीन हजारांहून अधिक पार्किन्सन रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. प्रामिपेक्सोलच्या गटातली औषधं घेणाऱ्यांपैकी 17.1 टक्क्यांना जुगार, खरेदी, अतिखाणं किंवा कामवासना यांपैकी काहीतरी आवरेनासं झालं होतं. न घेणाऱ्यांत हा आकडा 6.9 टक्के होता. घड्याळं उघडत बसण्याला तर वेगळं नाव आहे, पंडिंग. स्वीडनमधल्या अँफेटामिनच्या, म्हणजे झोप उडवणाऱ्या उत्तेजक औषधाच्या, व्यसनींच्या बोलीतून आलेला शब्द आहे. तेही वस्तू सुट्या करून, रांगेत लावून रात्री काढत.

दुसरं, रात्रीची सेलेजिलिन. शरीरात तिचे तुकडे होतात तेव्हा अँफेटामिनच्याच घराण्यातले पदार्थ तयार होतात. म्हणून दुसरी गोळी दुपारच्या जेवणाबरोबर देतात, रात्री नाही. "दिवसातून दोनदा" लिहिलेलं वाचून लोक सकाळ-रात्र घेतात, ही गफलत मी अनेकदा पाहिली आहे. उद्याच डॉक्टरांना फोन करून विचारा.

सर्दीची गोळीही सांगा त्यांना. त्यातली जुनी अँटिहिस्टामिन्स मेंदूत शिरून जागं ठेवणारं हिस्टामिन अडवतात, आणि या वयात त्यांनी भ्रम होऊ शकतो. शिवाय प्रामिपेक्सोल मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, तेव्हा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) शेवटचं कधी तपासलं तेही बघा. आणि गाडीची किल्ली आजच काढून घ्या. 1999 मध्ये प्रामिपेक्सोलसारख्या गोळ्यांवर असलेले आठ जण गाडी चालवताना अचानक झोपल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली, तेव्हापासून हा इशारा दिला जातो.

पहाटवेळ:
मात्राताई, हात थरथरतायत लिहिताना. मी स्वतः ती गोळी रात्री ताटाशेजारी ठेवत होते.

सांजवात:
पहाटवेळ, अजिबात मनाला लावून घेऊ नकोस. माझ्या घरी हेच झालं, फक्त टॉर्चच्या जागी पैसे लावून ऑनलाइन पत्ते खेळणं होतं.

माझे यजमान हिशेबनीस. एक रुपया चुकला तर रात्र जागवणारे. दुखणं सुरू झाल्यावर अशीच गोळी वाढत गेली. त्यांनी मुदत ठेव मोडली, मग दुसरी. मला बँकेच्या कागदावरून कळलं. मी त्यांना नको नको ते बोलले. "या वयात लाज कशी वाटत नाही?" असं मुलांसमोर बोलले. ते खाली मान घालून ऐकत राहिले आणि त्या रात्री पुन्हा खेळले. आता कळतं की मी ज्या माणसाला लाज घालत होते त्याला लाज वाटतच होती, पण ती हाताला थांबवू शकत नव्हती.

डॉक्टरांना आम्ही वर्षभर काही सांगितलं नाही. थरथर विचारली, थरथर सांगितली. पैशाचा न् गोळीचा संबंध असेल हे कुणाच्या मनातच येत नाही ना! शेवटी तिथल्या एका नर्सने सरळ विचारलं, "हल्ली खरेदी, पत्ते, असं काही वाढलंय का?" यजमान तिच्यासमोर रडले. मी लग्नानंतर पहिल्यांदा त्यांना रडताना पाहिलं.

मग गोळी उतरवली. एक गोष्ट सांगून ठेवते, उतरवतानाचे आठवडे वाईट गेले. घाम, घाबरं होणं, दिवसभर उदास, "ती गोळी द्या" म्हणून मागणं. डॉक्टर म्हणाले हेही त्या औषधाचंच, सोडताना असा त्रास होतो. म्हणून अगदी हळू, पायरी-पायरीने, लेव्होडोपा थोडी वाढवून. चार महिने लागले. पत्त्यांची ओढ मात्र त्याआधीच गेली. एके दिवशी मला म्हणाले, "आज दिवसभर आठवण झाली नाही."

तुझी आई म्हणते ते बरोबर आहे. आणि ते परत येऊ शकतात, हे मी पाहिलंय.

अर्धजागा:
मी झोपेच्या प्रयोगशाळेत काम करतो. औषधाबद्दल वर मात्राताईंनी लिहिलंच आहे. माझा एक प्रश्न आहे: निदानाच्या आधी बाबा झोपेत ओरडायचे, लाथा झाडायचे का?

विचारण्याचं कारण असं. स्वप्नाच्या झोपेत मेंदूच्या देठातून स्नायूंना "हलू नका" असा हुकूम जातो. फ्रान्समध्ये मिशेल जुव्हे यांनी मांजरांत नेमका हाच भाग निकामी केला, तर झोपलेली मांजरं उठून झडप घालू लागली. माणसांत हा हुकूम न पोचण्याचा विकार 1986 मध्ये अमेरिकेतल्या शेंक आणि महोवाल्ड यांनी मांडला. पुढे लक्षात आलं की यातल्या अनेकांना कित्येक वर्षांनी पार्किन्सन होतो. म्हणजे झोप बिघडली ती सगळी गोळीने असं नाही, काही आजाराचीही असते. डॉक्टरांना दोन्ही वेगवेगळं सांगितलंत तर त्यांना निवाडा करणं सोपं जाईल. कधी, किती वाजता, किती वेळ, एवढं लिहून न्या.

तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल एवढंच. 1950 च्या दशकाच्या शेवटी अर्विद कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिलं, सर्पगंधेतून मिळणारं आणि मेंदूतलं डोपामिन संपवणारं. ससे दगडासारखे बसून राहिले. मग लेव्होडोपा टोचलं तर थोड्याच वेळात कान उभे करून फिरायला लागले. एका रेणूच्या कमी-जास्तीने इतका फरक पडतो. 2000 साली त्यांना नोबेल मिळालं.

पहाटवेळ:
तीन आठवड्यांनी लिहिते आहे. आधी उत्तर: हो. आई म्हणाली, निदानाच्या सहा-सात वर्षं आधीपासून बाबा झोपेत हात चालवायचे. एकदा तिच्या मनगटाला सूज आली होती. तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, मलासुद्धा.

सेलेजिलिनची दुसरी गोळी दुपारी आली. प्रामिपेक्सोल एक पायरी उतरवलं, पुढची पायरी पुढच्या भेटीत. सर्दीची गोळी बंद. किल्ली आईच्या कपाटात आहे, त्यावरून दोन दिवस अबोला झाला. थरथर थोडी वाढली आहे, ते दिसतं आणि त्रास होतो. पण परवा ते साडेचारपर्यंत सलग झोपले. मी दाराशी उभी राहून श्वास ऐकत होते.

टेबलावरचं घड्याळ तसंच उघडं आहे. काल त्यांनी स्वतःहून विचारलं, "मी एकूण किती मागवलं?" मी सांगितलं नाही, उगाच विषय बदलला. सांजवातताई, तुम्ही घरी आकडा कसा सांगितला?

सांजवात:
विषय बदलू नकोस, बाळा. ते हिशेबाचे माणूस आहेत, त्यांनी विचारलं म्हणजे त्यांना हवा आहे. मी सगळे कागद तारखेप्रमाणे लावले आणि प्रत्येक कागदावर त्या वेळी गोळीची मात्रा किती होती ते पेन्सिलीने लिहिलं. मग त्यांच्या शेजारी बसले आणि एक शब्द न बोलता वाचू दिलं. मात्रा चढली तसे आकडे चढलेले त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसले. खूप वेळ गप्प होते. मग त्यांनी पेन्सिल मागितली आणि माझी एक चुकलेली बेरीज दुरुस्त केली.