मदत हवी आहे: माझ्या मुलाच्या त्रासामुळे ऊसतोड मजुराच्या मुलाची शाळा सुटली आहे

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यातल्या एका गावात राहते. आमची साडेतीन एकर शेती आहे, त्यात बहुतेक ऊसच. मुलगा गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीत शिकतो. अभ्यासात बरा, घरी ऐकणारा, आजीचे पाय न सांगता चेपून देणारा हा मुलगा शाळेत दुसऱ्या एका मुलाला दोन महिने छळत होता, हे मला गेल्या आठवड्यात कळले आणि तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही.

कळले ते असे. आमच्या उसाला तोड आली होती. टोळी बीड जिल्ह्यातली, शिरूर कासारकडची. दहा कोयते, म्हणजे दहा जोडपी, पहाटे चारला अंधारातच फडात उतरतात. अकराच्या सुमारास मी चहा घेऊन बांधावर गेले, तेव्हा अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधत होता आणि शेजारी पाचटावर त्याची लहान बहीण बसली होती. वार बुधवार, शाळेची वेळ. "शाळेत का गेला नाहीस रे?" असे विचारले, तर त्याने मान वर केली नाही. बहिणीने मात्र माझ्या मुलाचे नाव घेतले आणि म्हणाली, "त्यो ह्याला लई तरास देतो." मी त्याचीच आई आहे हे तिला ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन वर्गशिक्षिकांना भेटले. हा मुलगा नोव्हेंबरमध्ये त्याच्या गावच्या शाळेचे शिक्षण हमी पत्रक (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत शिकता यावे म्हणून दिलेले पत्रक) घेऊन आला होता. गणितात हुशार, सुरुवातीला हात वर करून उत्तरे देत असे. एकदा त्याने बाईंना "कामून?" असे विचारले. आमच्याकडे "का" म्हणतात, त्यांच्याकडे "कामून". त्या दिवसापासून वर्गात त्याचे नावच कामून पडले आणि ते ठेवणारा माझा मुलगा. हजेरी घेताना मागून तोच शब्द कुजबुजत यायचा. हळूहळू तो वर्गात बोलायचाच थांबला. मग त्याच्या चपला लपवणे, खिचडीच्या रांगेत ढकलत ढकलत त्याला शेवटी नेणे हे सुरू झाले आणि संक्रांतीच्या आधी एक दिवस त्याच्या ताटात मूठभर माती टाकली गेली. संक्रांतीनंतर तो शाळेत आलेला नाही. बाईंनी तेव्हाच वरिष्ठांच्या कानावर घातले होते, पण "मुलांचे चालायचेच, टोळी मार्चमध्ये जाणारच आहे" एवढ्यावर विषय मिटवला गेला.

घरी यजमानांनी मुलाला पट्ट्याने मारले. मी मध्ये पडले, पण उशिरा. मार खाऊन तो दिवसभर गप्प राहिला आणि संध्याकाळी मला म्हणाला, "टोळीवालेच आहेत ना ते, जातीलच की." हे वाक्य त्याचे नाही, आमचे आहे. टोळीसाठी चहाचे पेले आमच्याकडे गोठ्याच्या कोनाड्यात वेगळे ठेवलेले असत. "टोळीतल्या पोरांत मिसळू नको" हे तो लहानपणापासून ऐकत आला आहे आणि मी त्यावर कधी काही बोलले नाही. ते पेले मी आता काढून टाकले आहेत, पण अकरा वर्षांत मुलाच्या मनात जे बसले ते तेवढ्याने निघेल असे मला वाटत नाही. मारानेही निघणार नाही, कारण ज्याच्या हातात बळ आहे त्याने दुसऱ्याला दुखवावे, हेच त्याला मारातून पुन्हा दिसले.

यजमान त्या मुलाच्या वडिलांना भेटायला गेले, तर त्यांनीच हात जोडले आणि "पोरं हायती मालक, चालायचंच" म्हणाले. त्यांच्या डोक्यावर मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीपोटी आधीच घेतलेले पैसे, ऊस आमचा, राहणे आमच्या गावच्या गायरानातल्या कोपीत, म्हणजे झोपडीत. दुसरे ते काय म्हणणार होते? माझी खरी अडचण इथे आहे. मुलाला कोपीवर नेऊन माफी मागायला लावली, तर समोरच्यांना ती नाकारण्याची सोयच नाही. मग त्या माफीने त्या मुलाचे काही भरून निघेल, की पुन्हा एकदा आमचेच समाधान होईल?

मी शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात, त्यामुळे हा विषय बैठकीत मांडण्याचा मला अधिकार आहे आणि मांडणारही आहे. मात्र गावातल्या बैठकीत त्या मुलाचे नाव सर्वांच्या तोंडी झाले, तर त्याचे येणे आणखी अवघड होईल, ही भीती वाटते. मूल्यवर्धन या मूल्यशिक्षणाच्या कार्यक्रमाचे उपक्रम आमच्या शाळेतही घेतले जातात. तो कार्यक्रम 2009 मध्ये त्याच्याच बीड जिल्ह्यातल्या शाळांतून सुरू झाला होता. बाई ते तास मनापासून घेतात, मुलेही छान बोलतात, पण तेच बोलणे खिचडीच्या रांगेपर्यंत कसे पोहोचवावे, हे बाईंना आणि मला दोघींनाही उमगलेले नाही.

इथे जिल्हा परिषदेचे शिक्षक असतील, त्यांनी अशा मुलाला वर्गात परत आणताना काय केले ते सविस्तर लिहावे. त्याला परत आणण्याआधी वर्गाशी बोलावे की नंतर, आणि तेव्हा माझ्या मुलाला समोर ठेवावे की नाही, हेही सांगावे. ज्यांचे स्वतःचे बालपण टोळीबरोबर गेले आहे, त्यांच्या उत्तराची मी सर्वांत जास्त वाट पाहीन. तुमच्या दारात असा मुलगा आईबरोबर येऊन उभा राहिला असता, तर तुम्हाला काय हवे होते?

कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की टोळी गावी परतेल, म्हणजे हातात जेमतेम तीन आठवडे आहेत. काल रात्री मुलाने अंथरुणात पडल्या पडल्या विचारले, "तो परत आला तर मी त्याला काय म्हणून हाक मारू?" त्या मुलाचे खरे नाव माझ्या मुलाला नीट आठवतही नव्हते. मी ते सांगितले, पण पुढे काय बोलायचे ते मला सुचले नाही.