जेतेपदाचा दावेदार घडतो कसा? जे उसो, गुंथर आणि कोडी ऱ्होड्स यांच्या निमित्ताने

पहाटेचा प्रेक्षक (धरमपेठ, नागपूर)

सर्वांना नमस्कार. डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी मनोरंजन-कुस्तीतील लढतींचे निकाल आधीच ठरलेले असतात हे येथे प्रत्येकाला माहीत आहे, तेव्हा त्या वादात कोणी शिरू नये, ही विनंती. माझा प्रश्न कथानकाविषयी आहे. एखाद्या मल्लाला जागतिक जेतेपदाचा दावेदार म्हणून उभे करायचे असेल, तर त्याची लोकप्रियता तेवढी पुरेशी असते का?

हा प्रश्न मला जे उसोवरून पडला. १९ एप्रिल २०२५ रोजी लास व्हेगास येथे, वर्षातील सर्वांत मोठा कार्यक्रम असलेल्या रेसलमेनिया ४१ च्या पहिल्याच लढतीत त्याने गुंथरला हरवून वर्ल्ड हेवीवेट किताब मिळवला. आपल्याकडे तेव्हा रविवारची पहाट होती. जे रिंगकडे येत असताना आमच्या घरातील मुले दोन्ही हात वरखाली करत त्याच्यासोबत नाचत होती, परंतु घंटा वाजल्यावर सर्वांत धाकट्या भाच्याने "हा याच्याशी का लढतो आहे?" असे विचारले, तेव्हा खोलीतील एकाही मोठ्या माणसाला सरळ उत्तर देता आले नाही. "रॉयल रंबल जिंकला म्हणून" (तीस जणांची ती लढत जिंकणाऱ्याला रेसलमेनियात किताबाची लढत मिळते) हे उत्तर नियमाचे झाले, गोष्टीचे नव्हे. त्या रंबलच्या आठवडाभर आधी याच गुंथरने जेला हरवले होते, आणि रेसलमेनियाला दोन महिनेही उलटले नव्हते तोच, ९ जून रोजी, किताब पुन्हा गुंथरकडे गेला. किताब इतक्या लवकर काढून घेतल्यामुळे जेवर अन्याय झाला, असे पुष्कळांचे मत आहे. माझ्या मते घाई काढून घेण्यात नव्हे, देण्यात झाली.

याच्या उलट उदाहरण कोडी ऱ्होड्सचे. २ एप्रिल २०२३ रोजी रेसलमेनिया ३९ मध्ये तो रोमन रेन्सकडून, रोमनचा साथीदार सोलो सिकोआ याच्या हस्तक्षेपामुळे हरला आणि वर्षभरानंतर, ७ एप्रिल २०२४ रोजी फिलाडेल्फियात, त्याच रोमनची १३१६ दिवसांची सत्ता त्याने संपवली. तो पहिला पराभव आवश्यक होता का? दावेदाराला आधी हरवल्याशिवाय त्याचे जिंकणे गोड लागत नाही, हा नियम मानावा का? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

नंदनवनकर

आपला प्रश्न योग्य आहे, मात्र जेची गोष्टच नव्हती असे म्हणणे मला पटत नाही. गोष्ट होती, आणि गेल्या कित्येक वर्षांतील उत्तम गोष्टींपैकी एक होती. फक्त ती गुंथरविरुद्धची नव्हती.

२०२० च्या सप्टेंबरमध्ये, रोमन नुकताच नव्याने खलनायक झाला होता तेव्हा, त्याचा पहिला दावेदार जे उसोच होता, हे आज बहुतेकांच्या लक्षातही नसेल. तोवर जेची ओळख जोडीने लढणारा भाऊ एवढीच होती. पहिल्या लढतीत जे हार मानत नाही म्हणून त्याचा जुळा भाऊ जिमी याने टॉवेल टाकला, आणि ऑक्टोबरच्या हेल इन अ सेलमध्ये रोमनने जखमी जिमीचा गळा आवळल्यावर जेला स्वतःच्या तोंडाने "आय क्विट" (मी हार मानतो) म्हणावे लागले. कुटुंबप्रमुख रोमनने धाकट्या चुलतभावाकडून वदवून घेतलेला तो शब्द पुढील तीन वर्षांच्या कथानकाचा पाया ठरला. १ जुलै २०२३ रोजी लंडनमध्ये जेने रोमनला पिन केले, तेव्हा २०१९ नंतर प्रथमच रोमनचे खांदे जमिनीला टेकले होते. दावेदार यापेक्षा पक्का कसा घडवायचा? आणि नेमक्या त्या क्षणी, ऑगस्टमधील समरस्लॅममध्ये, सख्ख्या भावाकडून त्याचा घात करवून लेखकांनी तो हिशेब कायमचा अर्धवट ठेवला.

म्हणजे ज्याच्याकडून वसुली करायची त्याच्याकडून केली नाही, आणि पावणेदोन वर्षांनी ज्याच्याशी फारसे देणेघेणे नव्हते अशा गुंथरकडून किताब घेऊन दिला. त्या लढतीत जेने गुंथरला त्याच्याच स्लीपर होल्डमध्ये, म्हणजे गळा आवळणाऱ्या पकडीत, टॅप-आउट करायला (हाताने थापटून हार मानायला) लावले, ही कल्पना चांगली होती. परंतु त्या पकडीत आपला नायक पूर्वी किती गुदमरला होता, हे प्रेक्षकाला आतून जाणवायला हवे. एवढा वेळच त्या कथेला मिळाला नाही.

कोडीबाबत मात्र माझे मत आपल्यापेक्षा, आणि बहुधा येथील सर्वांपेक्षा, वेगळे आहे. रेसलमेनिया ३९ चा निकाल चुकीचा होता, आणि तो पुढे बरोबर ठरला तो लेखकांच्या दूरदृष्टीमुळे नव्हे. पराभवानंतर कोडीला त्यांनी काय दिले? ब्रॉक लेस्नरशी एकापाठोपाठ तीन लढती, ज्यांचा रोमनशी किंवा त्याचे वडील डस्टी ऱ्होड्स यांना कधीही न मिळालेल्या त्या किताबाशी काडीचा संबंध नव्हता. २०२४ चा रंबल जिंकल्यावर, फेब्रुवारीत, तर त्याची जागा थेट द रॉकला देण्याची तयारी दिसली. प्रेक्षकांनी इतका गदारोळ केला की काही दिवसांतच कथानक फिरवावे लागले, आणि खरा दावेदार त्या गदारोळातून उभा राहिला. २०१४ मध्ये रंबल जिंकलेल्या बटिस्टाची हुर्यो उडवून याच प्रेक्षकांनी डॅनियल ब्रायनला रेसलमेनियाच्या अखेरच्या लढतीत नेले होते. त्यामुळे "आधी हरवावे" याला नियम म्हणण्यापूर्वी, हरल्यानंतर त्या माणसाला काय काम दिले गेले, हे तपासावे.

तांबड्या मातीचा (जुने नागपूर)

मी मूळचा आखाड्याचा माणूस. नातवंडांमुळे हे कार्यक्रम पाहतो आणि आता त्यांच्यापेक्षा अधिक आवडीने पाहतो, हे लपवत नाही.

जत्रेतील किंवा नागपंचमीच्या फडात मोठ्या इनामाच्या कुस्तीची जोड लावताना पंचमंडळी कितीतरी वेळ खल करत असतात. जोड बेताची लागली की कडेला बसलेली मंडळी तोंडावर सांगतात, आणि एकदा का लोकांनी मान फिरवली की त्या कुस्तीत कितीही डाव पडोत, टाळी येत नाही. महाराष्ट्र केसरीत गादी विभागाचा विजेता आणि माती विभागाचा विजेता शेवटी गदेसाठी एकमेकांसमोर येतात. तेथे दावेदार कोण, हा प्रश्नच उरत नाही, कारण दोघेही आपापली वाट लढून आलेले असतात. डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये ती वाट लेखकाने लिहायची असते. न लिहिता थेट शेवटची कुस्ती लावली, तर निकाल काहीही द्या, जोडच चुकलेली असते.

या दृष्टीने मला गुंथर आवडतो. त्याच्यासमोर जो येतो त्याची वाट आपोआप तयार होते, कारण हा माणूस सरळ, जड हाताचा आणि निकाली लढतो. २०२२ च्या जूनपासून ६६६ दिवस त्याने इंटरकाँटिनेंटल किताब सांभाळला आणि त्या काळात त्याच्याकडून हरलेला शेमसदेखील कार्डिफच्या लढतीतून मोठा होऊनच परतला. चॅड गेबलची गोष्ट तर माझ्या घरात अजून निघते. ४ सप्टेंबर २०२३ च्या रॉ या साप्ताहिक कार्यक्रमात गेबल गुंथरकडून हरला, आणि कॅमेरा पहिल्या रांगेत बसलेल्या त्याच्या लहान मुलीकडे वळला. ती हुंदके देत रडत होती. दावेदार म्हणजे काय, हे त्या मुलीच्या तोंडाकडे पाहिल्यावर माझ्या नातवाला वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

मिहानकर

काका, आपले म्हणणे मान्य आहे, तरी वाट न लिहिता थेट शेवटची कुस्ती लावण्याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे, म्हणून ते नोंदवतो. जिंदर महाल एप्रिल २०१७ मध्ये सहा जणांच्या लढतीत जिंकून अचानक दावेदार झाला. त्यापूर्वी कित्येक महिने तो जवळपास प्रत्येक लढत हरत होता. २१ मे रोजी बॅकलॅशमध्ये त्याने रँडी ऑर्टनला हरवले. आमच्या वसतिगृहात त्या दिवशी जल्लोष झाला, यात शंका नाही. कॅनडात जन्मलेला असला तरी नाव आपले होते, आणि खलीनंतर तो मान कोणालाही मिळाला नव्हता. परंतु जल्लोष करणाऱ्या आम्हालाही हे दिसत होते की त्याला दावेदार कथानकाने नव्हे, भारतीय बाजारपेठेने केले आहे.

याचा पुरावा पुढे मिळाला. नोव्हेंबरमध्ये, सर्व्हायव्हर सिरीजमध्ये लेस्नरसमोर उभे राहण्याच्या अवघे बारा दिवस आधी, मँचेस्टरमध्ये त्याचा किताब ए. जे. स्टाइल्सकडे गेला. त्यानंतर डिसेंबरात दिल्लीतील कार्यक्रमात, ज्या प्रेक्षकांसाठी हा सगळा खटाटोप चालला होता त्यांच्यासमोरच, ट्रिपल एचने त्याला हरवले आणि वर त्याच्यासोबत भांगडाही केला. हरवायचेच होते तर भांगडा तरी वगळायचा!

भारतीय दावेदार पुन्हा यावा, असे मला मनापासून वाटते. मात्र तो दीड-दोन वर्षे खालच्या किताबांसाठी झगडून यावा. एका महिन्यात तयार केलेला नको.

रेशीमबागेतली

आतापर्यंतच्या चर्चेत महिला विभागाचा उल्लेखही झालेला नाही, याचे आश्चर्य वाटते, कारण दावेदार घडण्याचे माझ्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण तेथेच आहे. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये, सर्व्हायव्हर सिरीजच्या तोंडावर, निया जॅक्सच्या ठोशाने बेकी लिंचचा चेहरा खरोखर जायबंदी झाला. नाकातून रक्त वाहत असताना ती प्रेक्षकांत उभी राहून हसत होती, आणि त्या एका चित्राने तिला जेथे नेऊन ठेवले तेथे कोणत्याही लिखित प्रोमोने (रिंगमधील भाषणाने) नेले नसते. दुखापतीमुळे राँडा राऊझीशी ठरलेली तिची लढत टळली. ती टळल्यामुळेच लोकांना हवीहवीशी झाली. त्यानंतर लेखकांनी शार्लट फ्लेअरला मध्ये आणून साध्या गोष्टीचा गुंता केला, आणि ७ एप्रिल २०१९ रोजी, महिलांनी प्रथमच रेसलमेनियाची अखेरची लढत लढली त्या रात्री, शेवट एका घाईच्या पिनने झाला, ज्यात राँडाचे खांदे पूर्ण टेकले होते की नाही यावर लोक आजही वाद घालतात. दावेदार उत्तम, शेवट फसलेला.

याउलट इयो स्काय. मार्च २०२५ मध्ये तिने रिया रिप्लीला हरवून किताब घेतला तेव्हा बहुतेकांनी गृहीत धरले की रेसलमेनियात रिया आणि बियांका बेलेअर यांच्या वादात ही तिसरी केवळ संख्या भरायला आहे. कथानकाने ती उपेक्षा लपवली नाही, उलट तिचाच वापर केला. दोघी मोठ्या एकमेकींकडे पाहत राहिल्या आणि किताब जिच्याकडे होता तिच्याकडेच राहिला. लढतही त्या दोन रात्रींतील सर्वोत्तम होती, असे माझे मत आहे. येथे तिला आधी हरवून सहानुभूती मिळवावी लागली नाही, त्यामुळे "पराभव आवश्यक" हा नियम मी तरी मानणार नाही. आवश्यक असते ते काहीतरी थकलेले देणे. ते पराभवाचे असेल, दुखापतीचे असेल किंवा दुर्लक्षाचे असेल.

पहाटेचा प्रेक्षक (धरमपेठ, नागपूर)

सर्वांचे आभार. रेशीमबागेतल्या ताईंनी दिलेला निकष मला माझ्या प्रश्नापेक्षा अधिक नेमका वाटतो. नंदनवनकर भाऊंचे रॉकविषयीचे निरीक्षण मान्य आहे, तथापि २०२३ चा पराभव झालाच नसता तर प्रेक्षकांना गदारोळ करण्याइतकी ओढ कशाची लागली असती, हा प्रश्न माझ्यापुरता उरतोच.

आता पुढचे. १३ डिसेंबर २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये गुंथरने जॉन सीनाला त्याच्या अखेरच्या लढतीत टॅप-आउट करायला लावले. जुलैत गोल्डबर्गलाही त्यानेच निरोप दिला होता. सीनाने हार पत्करली याचा राग अनेकांना अजूनही आहे, मात्र त्या रागाची किंमत आता गुंथरला हरवणाऱ्याला मिळणार आहे, आणि ती चुकीच्या माणसाला मिळू नये. माझी निवड चॅड गेबल. मुलीसमोर झालेला तो पराभव एकीकडे आहे. दुसरीकडे मार्च २०२४ मध्ये दावेदार ठरवण्याच्या लढतीत सॅमी झेनने त्याला मागे टाकले, तरी गेबलनेच सॅमीची तयारी करून घेतली, सॅमीने गुंथरला हरवले, आणि मग आपल्या वाट्याचे दुसऱ्याला मिळालेले पाहून गेबल त्याच्यावर उलटला. इतके थकलेले देणे दुसऱ्या कोणाचे आहे?

नंदनवनकर

देणे त्याचेच आहे, याबद्दल वाद नाही. परंतु ज्या मल्लाला त्यानंतर मेक्सिकन मुखवटा घालून विनोदी भूमिकेत फिरवले, त्याला पुन्हा गंभीरपणे घ्यायला प्रेक्षकांना किमान सहा महिने द्यावे लागतील, आणि तेवढा धीर या लेखकांनी गेबलसाठी आजवर एकदाही दाखवलेला नाही. माझे मत सॅमीला. त्याने मॉन्ट्रियलमध्ये घरच्या लोकांसमोर रोमनकडून हार पत्करली आहे, आणि गुंथरला एकदा हरवूनही दाखवले आहे.

तांबड्या मातीचा (जुने नागपूर)

सॅमी चालेल. पण ती कुस्ती लावण्यापूर्वी गुंथरकडून त्याला एकदा चांगला चितपट होऊ द्या, नाहीतर पुन्हा तीच चुकलेली जोड होईल.