गाडीच्या काचेला चंदेरी पडदा: उपयोगाचा की नुसती हौस?

टिळकवाडीकर
मंडळी, प्रश्न साधा आहे, पण त्यावरून आमच्या घरात दोन दिवस धुसफूस चालली आहे. परवा लग्नाचा बस्ता बांधायला बेळगावच्या गणपत गल्लीत गेलो होतो. जवळ जागा मिळेना म्हणून गाडी लांब, रणरणत्या उन्हात लावली. अडीच तासांनी परतलो. सासूबाईंनी सीटबेल्टचं बक्कल हातात धरलं आणि किंचाळल्याच. मागच्या सीटवर कुंद्याचा, म्हणजे आपल्या बेळगावी खव्याच्या मिठाईचा, डबा विसरला होता. उघडून बघतो तर तूप वर आणि कुंदा खाली, दोघांची फारकत झालेली.

आता पडदा घ्यायचा ठरलाय. दुकानदारानं चार प्रकार दाखवले: घडीचा चंदेरी, छत्रीसारखा उघडणारा, बाजूच्या काचांना लोहचुंबकानं चिकटणारी काळी जाळी आणि अख्ख्या गाडीचं कव्हर. आमचे थोरले बंधू म्हणतात, सगळं थोतांड, काचा दोन बोटं खाली ठेव, झालं. कोणाचं खरं?

उद्यमबागवाला
बंधूंना सांगा, काच खाली ठेवून फारसं काही होत नाही. यावर २००५ साली अमेरिकेत मोजमापं झाली आहेत. काचा किंचित उघड्या ठेवल्या तरी आतलं तापमान जवळजवळ तसंच चढलं, आणि चढायचं त्यातलं बहुतेक पहिल्या अर्ध्या तासात चढून गेलं. म्हणजे "जरा पाच मिनिटांत येतो" म्हणणाऱ्यालाही सुट्टी नाही.

कारण सोपं आहे. ऊन काचेतून सरळ आत येतं. डॅशबोर्ड, सीट ते पितात आणि तापतात. तापलेल्या वस्तू जी उष्णता सोडतात ती काचेतून परत बाहेर जात नाही. तेव्हा ऊन डॅशबोर्डवर पडायच्या आधीच परतवायला हवं. ते काम चमकणारा पृष्ठभाग करतो, आणि चमक काचेकडे हवी. उलटा लावणारे मी रोज बघतो.

कारखान्यात भट्टीच्या कामाला टेंपरेचर गन असते, ती एप्रिलमध्ये सुट्टीच्या दिवशी घरी आणली. दुपारी दोन वाजता, दोन तास उन्हात उभी गाडी. पडदा नसताना डॅशबोर्ड ७१, स्टिअरिंग ५८. दुसऱ्या दिवशी तशाच उन्हात चंदेरी घडीचा पडदा लावून डॅशबोर्ड ४९, स्टिअरिंग ४७. बावीस अंशांचा फरक, साडेतीनशे रुपयांत.

(गन हातात असणाऱ्यांसाठी: ती चंदेरी कागदावर धरू नका, चकचकीत धातूवर ती खोटं सांगते. माझ्या पोरानं पडद्यावरच धरली आणि "पप्पा, फ्रीज झालाय" म्हणून ओरडला.)

निपाणीचा तंबाखूवाला
काय बोलूलालास गा! डॅशबोर्डचं कौतुक सांगतोस, आतल्या हवेचं सांग की. माणूस डॅशबोर्डवर बसतोय काय?

माझी गाडी वर्षातले आठ महिने शिवारात नाहीतर वखारीच्या दारात उन्हात उभी. छत्रीचा पडदा घेतलेला. दुसऱ्याच महिन्यात एक काडी मोडली आणि तिच्या टोकानं डॅशबोर्डवरच्या स्क्रीनवर ही लांब रेघ ओढली. त्याआधी घडीचा होता. त्याचे काचेला चिकटणारे रबरी बूच उन्हानं कडक झाले, मग रोज संध्याकाळी पडदा स्टिअरिंगच्या पायाशी पडलेला. तेव्हापासून माझी पद्धत एकच: स्टिअरिंगवर पांढरा टॉवेल, सीटवर जुनी चादर. गाडी उभी करताना स्टिअरिंग अर्धा फेरा फिरवायचं, म्हणजे आपण धरतो तो वरचा भाग खाली सावलीत जातो. खर्च शून्य.

उद्यमबागवाला
हवेचंही मोजलं होतं, लपवत नाही. सीटच्या सावलीत साधा थर्मामीटर टांगला होता: पडद्याशिवाय ५१, पडद्यासह ४६.

निपाणीचा तंबाखूवाला
म्हणजे पाच अंश! एकावन्नात बसला काय आन् शेहेचाळीसात बसला काय, घाम तेवढाच. हेच तर म्हणतोय.

खानापूरची बाई
तुम्ही दोघं भांडत बसा, मी गाडी चिंचेखाली लावते. पाच अंश, बावीस अंश कशाला? अमेरिकेतच, अ‍ॅरिझोनात, २०१८ साली तासभर गाड्या उभ्या करून मोजलं होतं. उन्हातल्या गाडीत हवा सरासरी ४७ अंशांवर गेली आणि डॅशबोर्ड ६९ वर. सावलीतल्या गाडीत हवा ३८, डॅशबोर्ड ४८. सावलीला तोड नाही, आणि ती फुकट आहे. बेळगावात कॅम्पाकडे अजून केवढाली झाडं आहेत, तिथं लावा आणि चार पावलं चाला.

टिळकवाडीकर
ताई, चार पावलं म्हणजे कॅम्प ते गणपत गल्ली. बस्त्याची गाठोडी आणि सासूबाई, दोन्ही घेऊन. शिवाय मागच्या मे महिन्यात आंब्याखाली लावली होती. टपावर चीक, काचेवर पाखरांची कृपा आणि बॉनेटवर एक कैरी पडून पोचा. गॅरेजवाल्यानं घेतलेल्या पैशांत दहा पडदे आले असते.

खानापूरची बाई
आंब्याखाली मे महिन्यात गाडी लावणाऱ्याला मी काय सांगणार!

कव्हरच्या भानगडीत मात्र पडू नका. घरापुढं गाडी आठ-आठ दिवस उभी राहत असेल तर ठीक. आमच्याकडे ते माकडांनी एका दुपारी फाडलं. आणि आमच्या तांबड्या मातीची धूळ गाडीवर असताना वरून कव्हर ओढलं की रंगावर घासकागद फिरवल्यासारखे चरे उठतात. बाजारात तर ते काढणार कोण, घालणार कोण.

गोकाककर
तुम्ही बेळगावकरांनी उन्हाच्या गप्पा माराव्यात म्हणजे गंमतच. एकदा एप्रिलमध्ये इकडं या. आमच्या पार्किंगवाल्या पोराची दिवसभर एकच टेप: "भाळ बिसल ऐत्री," म्हणजे लई ऊन आहे हो. मी पडदाबिडदा करत बसत नाही, सरळ काळी फिल्म मारली होती. आतून थंडगार.

मग नाक्यावर पावती फाडली, ती गोष्ट वेगळी.

केए २२
वेगळी कशी? सुप्रीम कोर्टानं २०१२ सालीच काळ्या फिल्मवर बंदी आणली. नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. उभ्या गाडीत पडदा लावला तर कोणी विचारत नाही. चालत्या गाडीत जाळ्या तशाच ठेवून महाराष्ट्रात शिरलात तर कोल्हापूरला पोचेपर्यंत कोणी ना कोणी हात दाखवणारच, त्यात आपली पाटी केए.

टिळकवाडीकर
बरं, मग ती काळी जाळी घेऊ की नको? दुकानदार चार जाळ्यांचा संच गळ्यात मारायला टपलाय.

उद्यमबागवाला
गाडी उभी असताना तिचा उपयोग थोडाच. काळी वस्तू ऊन परतवत नाही, पिते. आणि जाळी काचेच्या आत असते, त्यामुळं प्यालेली उष्णता आतच सोडते. मागं मूल बसत असेल तर प्रवासात त्याच्या तोंडावर ऊन येत नाही, एवढ्यासाठी घ्या.

निवृत्त भूगोल मास्तर
इतका वेळ वाचत होतो. पडदा कोणता यावर सगळे बोलले, ऊन कुठून येतं हे कोणी विचारलंच नाही.

बेळगाव साधारण १५.८५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या ३-४ तारखेला दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी नाहीशी होते. (दुसऱ्यांदा ऑगस्टच्या ८-९ तारखेला, पण तेव्हा पावसात सूर्य दिसला तर नशीब.) अशा वेळी बाजूच्या उभ्या काचांवर ऊन जवळपास पडतच नाही. पडतं ते टपावर आणि समोरच्या उताण्या काचेवर. हल्लीच्या गाड्यांची ती काच इतकी आडवी असते की ऊन थेट ओटीत घेते. म्हणून भर दुपारी समोरचा पडदाच खरा, बाजूच्या जाळ्यांचे पैसे वाया.

चार वाजता गणित बदलतं. सूर्य पश्चिमेला कलतो आणि बाजूच्या काचेतून सरळ सीटवर येतो. दुपारनंतर गाडी बराच वेळ उभी राहणार असेल तर तिचं तोंड पश्चिमेला करून लावा, म्हणजे ऊन पडद्यावरच येईल. सकाळी तोंड पूर्वेला. मी शाळेत असताना हेच करायचो. तेव्हा पडदे नव्हते, पुठ्ठ्याला चहाच्या पुड्यातला चंदेरी कागद चिकटवला होता. पोरं हसायची.

निपाणीचा तंबाखूवाला
मास्तर, पार्किंगमध्ये जागा मिळेल तिथं गाडी घुसवायची का कंपास घेऊन फिरायचं?

पण पुठ्ठ्याचं पटलं. तो मोडतही नाही, बूचही लागत नाही, सनवायझर खाली केला की बसतो घट्ट.

उद्यमबागवाला
तेच सांगायचं होतं. घडीचा घेतानाही बूचवाला घेऊ नका, सनवायझरमध्ये अडकणारा घ्या. आणि आधी काचेची रुंदी मोजून जा. आरशाभोवती आणि दोन्ही कडांना फट राहिली की तेवढ्या पट्ट्यातून ऊन आत घुसतं. माझ्या डॅशबोर्डवर एक पट्टा ६० दाखवत होता, शेजारी ४९.

टिळकवाडीकर
आज सासूबाईंना घेऊन पुन्हा बाजारात गेलो. घडीचा पडदा घेतला, सनवायझरवाला, चारशेला मागत होता, साडेतीनशेला दिला. स्टिअरिंगवर टॉवेलही टाकला, निपाणीकरांचा मान राखून. तोंड पश्चिमेला करायला जागा मिळाली नाही, मास्तर माफ करा.

दीड तासानं आलो. आतली हवा तापलेलीच, तंबाखूवाल्यांचं तेवढं खरं. डावी काच खाली केली आणि उजवं दार सहा-सात वेळा उघडलं-मिटलं, तेव्हा कोंडलेली वाफ निघाली. मग सगळ्या काचा खाली ठेवून गोवावेसपर्यंत आलो आणि तिथं एसी लावला. बक्कल हाताला गरम लागलं, भाजलं नाही. सासूबाईंनी पदर गुंडाळूनच धरलं म्हणा.

थोरले बंधू अजून काच दोन बोटं खालीच ठेवतात. आज त्या फटीतून कोणीतरी शेंगांची टरफलं आत टाकली.

खानापूरची बाई
आणि कुंदा?

टिळकवाडीकर
मांडीवर घेऊन बाजारभर फिरलो.