व्हेनिसमधली सावकारी सक्तीची होती
'ज्यूंनी सावकारी आपणहून निवडली' असं म्हटलं जातं, पण हा मुद्दा व्हेनिसपुरता तरी पटत नाही. १५१६ मध्ये त्यांना घेटोत, म्हणजे फक्त ज्यूंसाठीच्या बंदिस्त वस्तीत, वसवलं. दारं रात्री बंद होत आणि पहारेकऱ्यांचा पगार ज्यूंच्याच माथी! तिथल्या बहुतेक ज्यूंना गिल्डच्या, म्हणजे कारागीर-व्यापाऱ्यांच्या संघांच्या, धंद्यांत शिरकाव नव्हता. उरले गहाणवट आणि जुन्या कपड्यालत्त्यांचा व्यापार. त्यातही १५७३ च्या करारानंतर गरिबांना तीन डुकाटपर्यंतचं (डुकाट म्हणजे तिथलं नाणं) कर्ज ५ टक्क्यांनी देणं बंधनकारक झालं. यात नफा कसला? राहू देण्याची किंमतच ती.

पण संबंध तुटलेले होते असंही नाही. दिवसा ख्रिस्ती गिऱ्हाइकं वस्तू गहाण टाकायला येत, डॉक्टरांना रात्रीही रोगी बघायला बाहेर जाता येई. जागा वाढेना म्हणून मजल्यांवर मजले चढले. तिथल्या खिडक्यांच्या रांगा आजही इतक्या जवळजवळ आहेत की आतल्या छतांची उंची बाहेरूनच कळते.

आम्सटरडॅमला मात्र घेटो नव्हता. गिल्ड तिथेही बहुतेक बंदच, मग पोर्तुगीज ज्यू साखर, तंबाखू, हिरे, छपाई अशा गिल्डबाहेरच्या नव्या धंद्यांत शिरले. चित्रकार रेम्ब्रांट त्यांच्याच वस्तीत राहायचा.